गाता-वाजवता येतं, आता साउंड इंजिनिअरही व्हायचंय: काय आधी, काय नंतर

गाणारी-वाजवणारी माणसं साउंड इंजिनिअरिंगकडे वळतात तेव्हा बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. आधी माइक आणि इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी) येतो, मग प्लगइनचा (आवाज घडवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचा) ढीग जमतो, मग स्वतःचंच गाणं मिक्स करायला घेतलं जातं. महिनोन्‌महिने त्या एका गाण्यात जातात, ते मनासारखं काही होत नाही, आणि शेवटी एक तर सामान धूळ खात पडतं किंवा आणखी महागडा माइक घरी येतो. मेहनत कमी पडलेली नसते, क्रम चुकलेला असतो. पुढचे टप्पे त्या क्रमाबद्दल आहेत. एखादं वाद्य किंवा गळा बऱ्यापैकी तयार आहे आणि पुढे संगीत व ध्वनी या दोन्हींवर पोट चालवायचं आहे, असं इथे धरलं आहे.

## टप्पा १: शाखा ठरवा, आणि ती आपल्या तारखांशी ताडून पाहा

‘साउंड इंजिनिअर’ या एका नावाखाली बरीच वेगवेगळी कामं येतात. लाइव्हमध्ये प्रेक्षकांपर्यंत जाणारा आवाज सांभाळणारा वेगळा, कलाकारांना स्टेजवर जे ऐकू येतं ते सांभाळणारा मॉनिटर इंजिनिअर वेगळा, आणि माइक-केबल लावणारा तंत्रज्ञ वेगळा. स्टुडिओत रेकॉर्डिंग, एडिटिंग, मिक्सिंग (सगळे आवाज एकत्र बसवणं), मास्टरिंग (तयार मिक्सवरचा शेवटचा हात) अशा पायऱ्या असतात. चित्रपट-मालिकांमध्ये लोकेशन साउंड, संवादांचं एडिटिंग, फोली (पावलं, दारं असे आवाज चित्र बघून नव्याने मुद्रित करणं), अंतिम मिक्स. शिवाय प्रसारण आणि गेम्स आहेतच.

निवड करताना लोक ‘मला काय आवडतं’ एवढंच बघतात. संगीतकाराने त्याआधी तारखा बघायला हव्यात. लाइव्ह कार्यक्रम संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी होतात, म्हणजे नेमके तुमचे स्वतःचे कार्यक्रम असतात तेव्हाच. दोन्ही पूर्ण जोमाने करायला गेलं की वर्षभरात कुठल्या तरी एका बाजूची माणसं तुम्हाला विचारणं बंद करतात. एडिटिंग आणि मिक्सिंगची वेळ बरीचशी आपल्या हातात असते. नियमित कार्यक्रम करणाऱ्याला माझ्या मते हीच शाखा सर्वांत सोयीची.

लाइव्हच करायचं असेल तर मॉनिटरकडे बघा. ‘माझा आवाज मला जड लागतोय’ असं गायक म्हणतो तेव्हा त्याला नेमकं काय टोचतंय, हे स्वतः स्टेजवर उभं राहिलेल्या माणसाला लवकर कळतं.

तपासणी: पुढच्या तीन महिन्यांतले तुमचे कार्यक्रम आणि तालमी एका कागदावर मांडा. उरलेल्या वेळेत निवडलेल्या शाखेचं काम खरोखर बसतं का? बसत नसेल तर शाखा बदला. तारखा ओढूनताणून बसवल्या तर त्या टिकत नाहीत.

## टप्पा २: कानाचा दुसरा रियाज

संगीतकाराचा कान सुराला तयार असतो. कणसूर लागला की तो लगेच टोचतो. पण २५० हर्ट्झच्या आसपास आवाज गच्च झालाय की ३ किलोहर्ट्झला कर्कश झालाय, हे ओळखणं हा निराळा रियाज आहे आणि तो आपोआप होत नाही.

१. सुरुवातीलाच श्रवणतपासणी करून ऑडिओग्राम (कानाला कुठला पट्टा किती ऐकू येतो त्याचा आलेख) जपून ठेवा. मोठ्या आवाजाने होणारं नुकसान बहुतेक वेळा ३ ते ६ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात खड्ड्यासारखं दिसतं. तुमच्या कानात असा खड्डा आधीपासून असेल तर माहीत असायला हवा, नाहीतर प्रत्येक मिक्समध्ये तोच पट्टा नकळत वाढवत बसाल.

२. आठ पट्ट्या पाठ करा: ६३, १२५, २५०, ५००, १०००, २०००, ४००० आणि ८००० हर्ट्झ. प्रत्येक पट्टी आधीच्या दुप्पट, म्हणजे एकेक सप्तक वर. पिंक नॉइज (सगळे पट्टे असलेला एकसारखा ‘शूऽऽ’ आवाज) किंवा ओळखीचं गाणं लावा, दुसऱ्या कुणाला ईक्यूवर (एकेक पट्टा कमी-जास्त करणाऱ्या साधनावर) यांतली एक पट्टी ८-१० डेसिबलने उचलायला सांगा आणि कुठली ते ओळखा. रोज पंधरा मिनिटं पुरतात. वाद्य वाजवणाऱ्याचा एक फायदा इथे आहे: गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला बोलते, मधला सी २६१ च्या थोडा वर, त्यावरचा ए ४४० ला. आपल्या वाद्याचे आठ-दहा सूर हर्ट्झमध्ये लिहून काढा, पट्ट्या पटकन लक्षात राहतात.

३. दोन आवाजांची तुलना करताना दोन्हींची पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवून घ्या. जे किंचित मोठं वाजतं ते कानाला चांगलं वाटतं. कितीतरी प्लगइन केवळ यामुळे ‘भारी’ ठरतात.

४. ऐकण्याची एक पातळी ठरवा आणि व्हॉल्यूमच्या नॉबवर तिथे खूण करा. हळू आवाजात कानाला खर्ज आणि अगदी वरचे पट्टे कमी ऐकू येतात. पातळी रोज बदलली तर खर्जाचा निर्णयही रोज बदलेल.

सावधान: अमेरिकेतल्या नायोश या व्यावसायिक आरोग्य संस्थेचा सर्वत्र वापरला जाणारा हिशोब असा: ८५ डेसिबलला दिवसाला ८ तास, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, १०० ला जेमतेम १५ मिनिटं. दोन्ही कामं करणाऱ्याचा धोका बेरजेत आहे. सकाळची तालीम, दुपारचं हेडफोनवरचं एडिटिंग आणि रात्रीचा कार्यक्रम हे तीन वेगळे हिशोब नाहीत, कान एकच आहेत. सगळे पट्टे सारखेच खाली आणणारे संगीतकारांचे इअरप्लग पहिल्या माइकच्याही आधी घ्या.

## टप्पा ३: सिग्नलचा रस्ता तोंडपाठ करा

माइकपासून स्पीकरपर्यंत आवाज कुठून कुठून जातो, हे कागदावर काढता आलं पाहिजे: माइक, केबल, स्टेज बॉक्स (स्टेजवरच्या केबल एकत्र येतात ती पेटी), प्रीअँप (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारा), ईक्यू, कॉम्प्रेसर (आवाजातला चढ-उतार आवळणारा), फेडर (पातळीची सरकती कळ), बस (अनेक चॅनल एकत्र होतात तो रस्ता), आउटपुट, अँप, स्पीकर. ऑक्स सेंड (चॅनलमधून मॉनिटर किंवा इफेक्टकडे जाणारा फाटा) फेडरच्या आधीचा आहे की नंतरचा, हेही त्यात दाखवा. मॉनिटरचा सेंड फेडरनंतर घेतला तर प्रेक्षकांसाठी फेडर हलवला की गायकाच्या कानातला आवाजही हलतो, आणि तो गाताना तुमच्याकडे वळून बघतो.

यासोबत हाताला एवढं यायला हवं:

- एक्सएलआरच्या, म्हणजे माइकच्या केबलच्या जोडणीच्या, तीन पिना: १ ग्राउंड, २ हॉट, ३ कोल्ड. बॅलन्स्ड केबलमध्ये बाहेरून शिरलेली खरखर दोन्ही तारांवर सारखी येते आणि पुढे वजा होते. गिटारच्या साध्या जॅकमध्ये ही सोय नसते. म्हणून गिटारची केबल लांब ओढायची वेळ आली की मध्ये डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल बॅलन्स्ड करून देणारी डबी) लावतात.
- फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या केबलमधूनच माइकला दिली जाणारी वीज, ४८ व्होल्ट. कंडेन्सर माइकला लागते, साध्या डायनॅमिकला बॅलन्स्ड केबलमधून अपाय करत नाही, पण जुन्या पॅसिव्ह रिबन माइकचा जीव घेऊ शकते. केबल लावताना-काढताना ती बंद, चॅनल म्यूट.
- चालू करताना अँप आणि पॉवर्ड स्पीकर सर्वांत शेवटी. बंद करताना तेच सर्वांत आधी. उलट केलं की स्पीकरमधून जो धप्प आवाज येतो तो ट्वीटरला (वरचे पट्टे वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरला) महागात पडतो.
- केबल गुंडाळताना एक वेटोळं सरळ, एक उलटं. कोपरावर पीळ देत गुंडाळणाऱ्याला कुणी दुसऱ्यांदा बोलावत नाही, हे गमतीने म्हटलेलं नाही.
- साधं डाग देणं, म्हणजे सोल्डरिंग. तुटलेली केबल रात्री दुरुस्त करता आली पाहिजे.

बिघाड शोधताना नवशिके एका टोकापासून एकेक वस्तू बदलत जातात. त्यापेक्षा साखळी मधोमध तोडा. कन्सोलच्या (मिक्सरच्या) इनपुट मीटरवर सिग्नल दिसतोय का? दिसत असेल तर माइकची बाजू ठीक, बिघाड पुढे आहे. दिसत नसेल तर मागे. उरलेल्या भागाचे पुन्हा दोन भाग करा.

तपासणी: मित्राला साखळीत कुठेही एक खोड करून ठेवायला सांगा: म्यूट, चुकीचं राउटिंग, तुटकी केबल, बंद फँटम. पाच मिनिटांच्या आत सापडली तर पुढे चला.

## टप्पा ४: सामान, थोडक्यात

आता खरेदी. दोन इनपुटचा इंटरफेस, बंद कपांचा हेडफोन, एक डायनॅमिक माइक, एक कंडेन्सर माइक, न डुलणारे स्टँड, चांगल्या केबल. सॉफ्टवेअर कुठलंही एक, पण त्याचे शॉर्टकट हाताला बसेपर्यंत बदलायचं नाही. प्लगइन सॉफ्टवेअरसोबत येतात तेवढे वर्षभर पुरतात.

स्पीकर घेण्याआधी खोलीवर खर्च करा. दाट खनिज लोकरीचे निदान १० सेंटीमीटर जाडीचे पॅनेल कोपऱ्यांत आणि पहिलं परावर्तन होतं तिथे लावा. जागा शोधायला कुणीतरी भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा. ऐकण्याच्या जागेवर बसून आरशात स्पीकर दिसला की तिथे पॅनेल. अंड्यांचे ट्रे लावून खोली सुधारत नाही. वरचे पट्टे थोडे दबतात, खर्जाचा गोंधळ जसाच्या तसा राहतो.

## टप्पा ५: दुसऱ्याच्या हाताखाली काम करा

हा टप्पा गाळणाऱ्यांची संख्या सर्वांत मोठी, कारण इथे अहंकार दुखावतो. वीस-वीस वर्षं गाणारा-वाजवणारा माणूस केबल ओढायला तयार नसतो. पण ज्या गोष्टी इथे कळतात त्या दुसरीकडे कुठेच कळत नाहीत. ब्रिटिश इंजिनिअर-संगीतकार अॅलन पार्सन्स लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत असिस्टंट म्हणून लागले, मग इंजिनिअर झाले, आणि स्वतःच्या नावाचा संगीतप्रकल्प त्यानंतर आला.

कार्यक्रमाच्या दिवसाचा क्रम असा बसवा:

१. आदल्या दिवशी इनपुट लिस्ट आणि स्टेज प्लॉट मागवा. कोण कुठे बसणार, कुणाला किती माइक, कुणाला डीआय, कुणाला कुठे मॉनिटर (कलाकाराकडे तोंड केलेला स्पीकर). मिळत नसेल तर वादकांशी बोलून स्वतः तयार करा. तुम्ही वादक असल्याने नेमके प्रश्न तुम्हाला सुचतात. गिटारला पिकअप आहे का? ढोलकी आणि तबला एकच जण वाजवणार की दोघं? मधे वाद्य बदलणार आहे का?

२. पोचल्यावर आधी वीज. कन्सोल आणि स्टेजवरची वाद्यं शक्यतो एकाच स्रोतावर घ्या. वेगवेगळ्या स्रोतांमुळे ग्राउंड लूप होतो आणि सगळीकडे हमिंग ऐकू येतं. हमिंग घालवायला प्लगची अर्थिंगची पिन कधीही तोडू नका. गायकाच्या ओठांना धातूची जाळी लागलेली असते आणि हातात गिटारच्या तारा. शॉक जीवघेणा ठरू शकतो. डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण त्यासाठीच आहे.

३. स्पीकर, मग मॉनिटर, मग स्टँड, माइक, केबल. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चॅनलचा नंबर चिकटवा.

४. लाइन चेक. म्हणजे फक्त ‘येतंय का’ एवढंच. एकेका माइकवर बोटाने टकटक न करता बोलून बघा. आवाज घडवणं इथे सुरू करायचं नाही. बारा चॅनलांपैकी तिसऱ्याच चॅनलवर पंधरा मिनिटं घालवणारे लोक साउंड चेकला बारावा बंद आहे हे शोधून काढतात.

५. साउंड चेक. आधी ठेका, मग खर्ज, मग सूर देणारी वाद्यं, शेवटी गळा, आणि मग सगळे एकत्र. प्रत्येकाला कार्यक्रमातलं सर्वांत जोरकस वाजवायला सांगा. साउंड चेकला बहुतेक जण हातचं राखून वाजवतात आणि कार्यक्रमात अंगात आल्यासारखे वाजवतात. ती कसर धरून गेन (प्रीअँपची वाढ) थोडा खालीच ठेवा.

६. फीडबॅक, म्हणजे माइकची शिट्टी. हात आधी ईक्यूकडे जातो, तो थांबवा. पहिल्यांदा जागा बघा. कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) माइक बरोबर पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर त्याच्या थेट मागे. सुपरकार्डिऑइडची बहिरी बाजू साधारण १२५ अंशांवर असते, तिथे मॉनिटर थोडा तिरका हवा. मग माइक तोंडाजवळ आणा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की आवाज ६ डेसिबलने वाढतो, आणि तेवढा गेन खाली घेता येतो. एवढं करूनही शिट्टी राहिली तरच तो पट्टा अरुंद ईक्यूने खाली घ्या. आठ पट्ट्यांचा रियाज इथे कामाला येतो.

सावधान: असिस्टंट असताना संगीतावर मत द्यायचं नाही. ‘अंतरा थोडा द्रुत हवा होता’ हे बरोबर असेलही, पण त्या दिवशी ते तुमचं काम नाही. संगीतकार-असिस्टंट परत बोलावले जात नाहीत त्याचं सर्वांत मोठं कारण हेच. मुख्य इंजिनिअरचा कन्सोलही न विचारता हात लावायची वस्तू नाही.

## टप्पा ६: रेकॉर्डिंग, पण दुसऱ्यांचं

स्वतःचं गाणं अजून बाजूला. स्वतःला रेकॉर्ड करताना तुम्ही एकाच वेळी गाता आणि मीटर बघता, म्हणजे दोन्ही अर्धवट. मित्रांना बोलवा, निरनिराळे आवाज आणि वाद्यं रेकॉर्ड करा.

माणूस येण्याआधी: सेशन (सॉफ्टवेअरमधली त्या कामाची फाइल) उघडून ठेवलेलं, ट्रॅकना नावं दिलेली, २४ बिट. सँपल रेट (आवाज सेकंदाला किती वेळा मोजला जातो तो आकडा) फक्त गाण्यासाठी ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ, चित्रासोबत जाणार असेल तर ४८. एकदा ठरला की मध्ये बदलायचा नाही. ४४.१ वरच्या फाइल ४८ च्या सेशनमध्ये रूपांतर न करता टाकल्या की वेग आणि सूर दोन्ही चढतात. बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा; मोठा असला की उशीर वाढतो) रेकॉर्डिंगला लहान ठेवा. ४८ किलोहर्ट्झला १२८ सँपल म्हणजे पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत, १०२४ म्हणजे २१ मिलिसेकंदांहून जास्त, आणि तेही एकाच दिशेचं. एवढ्या उशिरा स्वतःचा आवाज कानात आला की चांगला गायकही लयीत अडखळतो. मिक्सच्या वेळी बफर वाढवा.

माइकची जागा: पहिल्यांदा माइक न लावता खोलीत फिरून, एक कान झाकून वाद्य ऐका. छान वाटेल तिथे माइक. अकूस्टिक गिटारला साउंडहोलसमोर माइक ठेवणं ही नेहमीची चूक आहे, तिथे घुमारा येतो. बाराव्या फ्रेटकडे तोंड करून २०-३० सेंटीमीटरवरून सुरू करा. गळ्याला १५-२० सेंटीमीटर आणि मध्ये पॉप फिल्टर (‘प’, ‘फ’चे हवेचे झोत अडवणारी जाळी). एका दिशेने ऐकणारे माइक जवळ आणले की खर्ज फुगतो. बारीक आवाजाला त्याचा उपयोग होतो, आधीच भरदार असलेल्या गळ्याला मात्र माइक थोडा लांब हवा. दोन माइक लावले असतील तर एकाचा फेज (आवाजाच्या लहरीची दिशा) उलटा करून बघा. ज्या स्थितीत खर्ज भरलेला वाटतो ती ठेवा.

पातळी: सरासरी उणे १८ डेसिबल, उंच टोकं उणे १० च्या आसपास (इथे शून्य म्हणजे ज्याच्या वर आवाज फाटतो ती कमाल पातळी). २४ बिटमध्ये लाल दिव्यापर्यंत नेण्याची काहीच गरज नाही. तिथे गोंगाटाची पातळी इतकी खाली असते की थोडं हळू रेकॉर्ड झाल्याने बिघडत नाही, पण एकदा फाटलेला आवाज शिवता येत नाही.

हेडफोन मिक्स: गायकाच्या कानात काय जातंय ते स्वतः त्याचा हेडफोन लावून ऐका. गायक सतत वरच्या बाजूने चढा लागत असेल तर बऱ्याचदा हेडफोनमध्ये त्याचा स्वतःचा आवाज कमी आणि साथ जास्त असते. कानाचा एक कप अर्धा सरकवायला सांगूनही फरक पडतो. सूर दुरुस्त करणाऱ्या प्लगइनकडे जाण्याआधी हे करा.

टेक चालू असताना: ‘बघू या’ म्हणून केलेला पहिला टेकही रेकॉर्ड करा, पुष्कळदा तोच राहतो. मध्ये थांबवू नका. काय चुकलं ते एका वाक्यात सांगा, चांगलं काय झालं ते आधी. आणि टेक संपल्यावर टॉकबॅकवर (गायकाच्या हेडफोनमध्ये बोलायच्या माइकवर) लगेच काहीतरी बोला. काचेपलीकडे गप्प बसलेली माणसं बघून आत उभा असलेला माणूस गृहीत धरतो की आपलं वाईट झालं.

तपासणी: सेशन संपल्यावर, कुणी घरी जाण्याआधी, तीन प्रती. दोन वेगवेगळ्या साधनांवर, एक त्या जागेबाहेर. मग त्यातली एक प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून वाजते का ते बघा. न उघडून पाहिलेली प्रत मोजायची नाही.

## टप्पा ७: मिक्स

क्रम एवढाच: सफाई, फेडर, पॅन (आवाज डावीकडे-उजवीकडे बसवणं), ईक्यू, कॉम्प्रेशन, रिव्हर्ब (जागेचा घुमारा), ऑटोमेशन (गाणं चालू असताना बदलणाऱ्या पातळ्या नोंदवणं). बहुतेक जण तिसऱ्या मिनिटाला कॉम्प्रेसरवर असतात. कुठलाही प्लगइन न लावता, नुसत्या फेडर आणि पॅनवर, गाणं ऐकवण्याजोगं होईपर्यंत पुढे जाऊ नका. होतच नसेल तर बिघाड मिक्सच्या आधीच आहे: रेकॉर्डिंगमध्ये किंवा संगीतसंयोजनात. दोन वाद्यं एकाच सप्तकात एकच भराव करत असतील तर ईक्यूने त्यांना वेगळं करत बसण्यापेक्षा एक काढा. इथे मात्र तुमच्यातल्या संगीतकाराला बोलू द्या. वाद्य काढायचं की ठेवायचं, ते ज्याचं गाणं त्याला विचारून.

ईक्यू एकटा ट्रॅक सोलो करून लावू नका. एकटं सुंदर वाजणारं वाद्य समूहात दुसऱ्यावर चढून बसतं. मोनोमध्ये (डावा-उजवा एकत्र करून) ऐका. मोनो केल्यावर एखादं वाद्य नाहीसं झालं तर फेजचा घोळ आहे. अगदी हळू आवाजात ऐका, गळ्यातले शब्द तेव्हाही कळले पाहिजेत.

लाउडनेसचा घोळ खूप होतो. स्पॉटिफाय ऐकवताना गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणतो, युरोपातल्या प्रसारणाचं प्रमाण उणे २३ आहे. पहिला आकडा मिक्स करताना गाठायचं लक्ष्य समजू नका; तो वाजवणाऱ्याने लावलेला हिशोब आहे. प्रसारणाचा आकडा मात्र अट म्हणून येतो आणि पाळावाच लागतो. मास्टरिंगला देताना मास्टरवरचा लिमिटर (आवाज ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ न देणारा) काढून टाका, तुमची कल्पना कळावी म्हणून लिमिटरसकटची एक प्रत सोबत द्या. अंतिम फाइलचा ट्रू पीक (प्रत्यक्ष वाजताना गाठलं जाणारं सर्वांत उंच टोक) उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

देताना पूर्ण मिक्ससोबत गळ्याविना, फक्त गळा आणि गळा किंचित मोठा अशा प्रतीही लगेच काढून ठेवा. चार महिन्यांनी त्याच मागितल्या जातात आणि तोवर एखादा प्लगइन चालेनासा झालेला असतो.

## टप्पा ८: आता स्वतःचं गाणं

आधीच्या सात टप्प्यांचं खरं कारण हा टप्पा. स्वतःच्या गाण्यात संगीतकार आणि इंजिनिअर एकमेकांच्या कामात पळवाटा शोधतात. तान नीट आली नाही की संगीतकार म्हणतो, ‘एडिटमध्ये बघू.’ मिक्स बसत नाही की इंजिनिअर म्हणतो, ‘आणखी एक गिटार वाजवू.’ असं गाणं कधीच संपत नाही.

उपाय रूक्ष आहे पण चालतो. दिवस वेगळे करा. रचना आणि संयोजन पूर्ण झाल्याशिवाय रेकॉर्डिंगचा दिवस नाही. रेकॉर्डिंगच्या दिवशी शक्यतो दुसरा कुणीतरी यंत्रावर बसवा, अगदी नवशिकाही चालेल, त्याने फक्त बटण दाबायचं आणि ‘हा टेक चांगला’ एवढं म्हणायचं. टेक निवडले की सॉफ्टवेअर वाद्यांसह सगळं साध्या ऑडिओ फाइलमध्ये उतरवून घ्या, शून्य सेकंदापासून, आणि नवं सेशन उघडून त्यात फक्त त्या फाइल आणा. आता सूर बदलायचा मोहच उरत नाही. निदान आठवडाभर थांबून मिक्सला बसा, आणि मिक्सची तारीख दुसऱ्या कुणाला तरी कळवून ठेवा. मास्टरिंग दुसऱ्याकडून करून घ्या. इतका वेळ ऐकलेल्या गाण्यात काय खटकतं ते तुमच्या कानाला आता ऐकू येणार नाही.

## टप्पा ९: कागद आणि पैसे

गाण्यात दोन वेगळे हक्क असतात: रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा, आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. नुसत्या इंजिनिअरला सहसा ठरलेलं मानधन मिळतं आणि काम तिथे संपतं. तुम्ही मात्र संगीतकारही आहात. मिक्स करता करता ‘इथे एक छोटी सुरावट टाकतो’ म्हणून तुम्ही वाजवता, तीच लोकांच्या तोंडी बसते, आणि ती कुणाची हा वाद सुरू होतो. म्हणून काहीही वाजवण्याआधी विचारा: हे मानधनात धरायचं की रचनेत वाटा? उत्तर काहीही असो, त्याच दिवशी लिहून, सगळ्यांची नावं आणि टक्केवारी घालून, सह्या घ्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला वेगळंच आठवतं.

कामाच्या होकाराच्या संदेशात एवढं लिखित हवं: काय काय देणार, किती तारखेला, किती वेळा बदल करून देणार (दोन पुरेत), त्यापुढच्या बदलांचं काय, आगाऊ रक्कम किती, श्रेयनामावलीत नाव कसं, आणि मूळ सेशन किती काळ जपणार. कच्चं सेशन देणार की फक्त अंतिम फाइल, हेही आधीच स्पष्ट करा. नंतर सांगितलं तर अडवणूक वाटते.

प्रसिद्ध होणाऱ्या ध्वनिमुद्रणाला ओळखीसाठी १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी हा आंतरराष्ट्रीय कोड असतो. तो गाण्याला नसून त्या मुद्रणाला असतो, म्हणजे त्याच गाण्याच्या लाइव्ह मुद्रणाला वेगळा कोड लागतो. जुनाच पुन्हा वापरला की दोन्हींचे हिशोब एकमेकांत मिसळतात.

कामाचे नमुने दाखवताना स्वतःची गाणी पुढे करू नका. ऐकणारा गाणं आवडलं की नाही ते ठरवतो, इंजिनिअरिंगकडे त्याचं लक्षच जात नाही. दुसऱ्यांची तीन कामं, परवानगी घेऊन, प्रत्येकी अर्धा मिनिट, आधीचं आणि नंतरचं, दोन्हींची पातळी जुळवलेली.

एकाच कामात वाजवणं आणि मिक्स करणं दोन्ही केलंत तर बिलावर दोन ओळी वेगळ्या लिहा. सुरुवातीला एका ओळीची रक्कम शून्य ठेवावी लागली तरी ती ओळ लिहाच. नाहीतर पुढच्या कामाला तुमचं वाजवणं मिक्ससोबत फुकट येतं असंच धरलं जातं, आणि मग तो दर वर आणायला नवं गिऱ्हाईक शोधावं लागतं.